सचिनची गोलकीपर

सुरतेत पांडेसऱ्याच्या मैदानावर उदय महिला फुटबॉल संघाचा सामना असला की सुवर्णा समोरच्या संघाच्या गोलमागे जाऊन उभी राहायची. हातात स्टीलची थाळी आणि उलथनं. हाफटाइमला संघांनी बाजू बदलल्या की तीही पदर खोचून मैदानाला वळसा घालायची आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा त्याच गोलकीपरच्या पाठीशी उभी ठाकायची. एरवी ही बाई महानगरपालिकेच्या मराठी शाळेत चौथीला शिकवायची, मुलांना 'मोठ्यानं बोलू नका' म्हणून सांगायची. रविवारी मात्र तिचा आवाज पार रस्त्यापलीकडच्या डाइंग मिलच्या गेटपर्यंत जायचा आणि पाळी संपवून निघालेली माणसं 'बाई आल्या वाटतं' म्हणत मैदानाकडे वळायची.

उदयवर तिचा जीव जडला तो विशाखामुळे. विशाखा तिच्या वर्गातली मुलगी. चौथीत असताना पाढे येत नाहीत म्हणून रडायची, आणि मधल्या सुट्टीत पोरांचा बॉल घेऊन अशी पळायची की पोरं दमून बसायची. सुवर्णानंच तिला उदयच्या सरावाला नेलं होतं. आज विशाखा संघाची मुख्य स्ट्रायकर होती, कॉलेजात शिकत होती, तरी सुवर्णाला 'बाई'च म्हणत होती.

आता गंमत अशी की सुवर्णाची सख्खी धाकटी बहीण, जयश्री, लग्न होऊन सचिनला गेलेली. सुरतेबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं की सचिन हे इथं गावाचं नाव आहे, माणसाचं नव्हे. तिथं कारखान्यांच्या वस्तीत जयश्रीचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, आणि दुकानासमोरच्या खोलीत राहणाऱ्या दगाभाऊंची अमृता ही सचिन स्पोर्टिंगची गोलकीपर होती. अमृताची पहिली जर्सी मोठी होती, ती जयश्रीनं बाजू दाबून तिच्या मापाची करून दिली. त्या दिवसापासून जयश्री सचिनची झाली ती झालीच.

दोघी बहिणी पांडेसऱ्याच्या एकाच चाळीत वाढलेल्या. वडील खानदेशातल्या शिरपूरकडून मिलमध्ये कामाला आले, तेव्हा दोघी परकरात होत्या. एका ताटात जेवलेल्या, एका गोधडीत निजलेल्या. पण उदय आणि सचिनची गाठ पडली की त्या आठवड्यात दोघींचं फोनवरचं बोलणं 'जेवलीस का', 'हो जेवले' यापुढे जात नसे.

आणि गेली तीन वर्षं उदय सचिनकडून हरत होता. कारण एकच, अमृता. सुवर्णानं तिचं नाव ठेवलं होतं चाळणी. "ए चाळणी, बघ आता कसा आरपार जातो!" असं ती थाळी बडवत ओरडायची, मागून पांडेसऱ्याची पोरंसोरं 'चाळणी, चाळणी' करायची, आणि त्या चाळणीतून काही केल्या बॉल जायचा नाही. गेल्या लीगच्या अंतिम सामन्यात तर विशाखाची पेनल्टी तिनं अडवली. विशाखा गवतावर बसून राहिली. सुवर्णाच्या हातातलं उलथनं तसंच हवेत राहिलं. त्या रात्री ती जेवली नाही. नवरा प्रमोद म्हणाला, "अगं, खेळ आहे." त्यावर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप भात वाढून घेऊन बाहेर जाऊन बसला.

त्यानंतर काही महिन्यांनी, शाळेत पेपर तपासणं चालू असताना जयश्रीचा फोन आला. 

"ताई, आपल्या अमृताला भारताच्या संघात घेतलंय!"

सुवर्णाच्या तोंडून आधी 'अरे वा' निघायला हवं होतं. निघालं ते असं, "आपल्या? तुझ्या म्हण."

"ताई!"

"आणि विशाखा?"

 विशाखाही निवड चाचणीला गेली होती हे दोघींना माहीत होतं. "तिचं नाव नाही गं," जयश्री हळू आवाजात म्हणाली. "पण ऐक ना. अहमदाबादला नेपाळशी सामना आहे. दगाभाऊ निघालेत, मी निघालेय. तूही चल. तुझं गाडीचं तिकीट मी काढते."

"मी नाही यायची. मी पांडेसऱ्याची आहे."

"अगं, सामना भारताचा आहे. पांडेसरा भारतात नाही का?"

सुवर्णानं फोन ठेवला. संध्याकाळी तिनं प्रमोदला हे सांगितलं तेव्हा तोही तेच म्हणाला, फक्त जपून म्हणाला. ती भाकरी थापता थापता थांबली.

"हे बघ, भारत हरला तर मला वाईट वाटतं. वाटतंच. टीव्ही बंद करते, दोन शब्द बोलते आणि जेवते. उदय हरला की मला घास उतरत नाही. आता याला मी काय करू? उदयच्या मुली मी घामानं निथळताना बघते. कुणाचा अंगठा दुखावलाय, कुणाच्या घरी काय चाललंय, मला सगळं ठाऊक असतं. त्या भारताच्या संघातलं मला कोण माहितेय?"

"अमृता माहितेय की," प्रमोद म्हणाला.

"तेच तर!" ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर अशी टाकली की पीठ उडालं.

तिला वळवलं ते विशाखानं. दोन दिवसांनी ती शाळा सुटताना फाटकाशी येऊन उभी राहिली. सायकल हातात, चेहरा उतरलेला, पण रडलेला नव्हे.

"बाई, मी अहमदाबादला जातेय. तुम्ही का येत नाही?"

"तुझ्या जागी तिला घेतलं, आणि मी टाळ्या वाजवायला जाऊ?"

विशाखाला हसू आलं. "बाई, माझ्या जागी नाही घेतलं. ती गोलकीपर आहे. मी गोलकीपर कुठंय?"

 सुवर्णानं उगाच पर्सची चेन लावली, उघडली.

"मला वाईट वाटलंय," विशाखा पुढे म्हणाली, "पण मला बघायचंय तिकडं कसं खेळतात ते. आणि एकटीला घरचे सोडत नाहीत. तुम्ही असाल तर सोडतील."

झालं. सुवर्णा निघाली ती देशासाठी नाही, अमृतासाठी तर नाहीच. विशाखाला सोबत म्हणून निघाली, असं तिनं सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी गाडीत चौघं समोरासमोर बसली. सुवर्णा, विशाखा, जयश्री आणि अमृताचे वडील दगाभाऊ. दगाभाऊ लूमवर काम करणारे, उंच, हडकुळे, बोलायला अगदी कमी. यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेलं म्हणून की काय, कुणी बोललं की कान पुढे करून ऐकायचे. सचिनच्या मैदानावर ते कायम लांब, झाडाखाली उभे असत. सुवर्णानं त्यांना पाहिलं होतं, पण त्यांच्याशी बोलायची वेळ आज पहिल्यांदा आली. "जयभीम ताई," ते म्हणाले. "जयभीम भाऊ," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

जयश्रीनं डबा उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भरपूर तळलेल्या मिरच्या. खाता खाता तिची नजर बहिणीच्या गळ्याकडे गेली. सुवर्णानं उदयची गडद लाल ओढणी घेतली होती.

"ताई, भारताचा रंग निळा आहे."

"माझा लाल आहे."

"मी तुझ्यासाठी निळी ओढणी आणलीये. काठ लावून."

"राहू दे पिशवीत."

विशाखा खिडकीकडे तोंड करून हसत होती. जयश्रीला आपल्या बहिणीचा हट्ट लहानपणापासून माहीत होता. ओढून काही होत नाही, आपोआप व्हावं लागतं, हेही माहीत होतं.

आपोआप झालं ते स्टेडियमच्या फाटकावर. तिथल्या रखवालदारानं सुवर्णाच्या गळ्यातली ओढणी पाहिली, अदबीनं हात जोडले आणि पलीकडे बोट दाखवलं. "बेन, नेपाळवाळा पेली बाजु."

"काय?"

"नेपाळना सपोर्टर ए बाजु बेसे छे, बेन."

नेपाळच्या मुलींची जर्सी गडद लाल होती. हुबेहूब उदयसारखी. पलीकडच्या फाटकावर लाल टोप्या घातलेली हसतमुख मंडळी जमली होती आणि त्यातल्या एका आजींनी सुवर्णाला बघून 'या, या' म्हणून हातही केला. जयश्री फाटकाच्या गजाला धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. विशाखा खाली बसली. दगाभाऊसुद्धा तोंडावर रुमाल धरून दुसरीकडे वळले.

"दे ती ओढणी," सुवर्णा दात आवळून म्हणाली. "आणि हे पांडेसऱ्यात कुणाला सांगितलंस तर बघ."

आत फारशी गर्दी नव्हती. हजार-दीड हजार माणसं इकडे-तिकडे विखुरलेली, बाकी खुर्च्या रिकाम्या. मोठ्या मैदानावर मुली लहान दिसत होत्या. नेहमीच्या गोलकीपरला दुखापत झाल्यामुळे अमृता पहिल्यापासून खेळणार, असं जयश्रीला आदल्या दिवशीच कळलं होतं. राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उभे राहिले. सुवर्णाला शाळेत रोज राष्ट्रगीत म्हणायची सवय, मुलांकडे लक्ष ठेवून म्हणायची. आज लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. समोर अकरा मुली एका रांगेत, आणि रांगेच्या टोकाला ती पोर, डोळे गच्च मिटून गात होती. 'इतकी बारीक आहे ही?' सुवर्णाच्या मनात आलं. गोलमागून बघताना तर ती भिंतीसारखी वाटायची.

खेळ सुरू झाला. पहिला अर्धा तास काही झालं नाही. मग नेपाळच्या मुलीनं लांबून एक साधा फटका मारला. इतका साधा की असे फटके अमृता सचिनच्या मैदानावर बोलता बोलता उचलायची. तिनं हात पुढे केले, बॉल हातात आला, आणि हातांमधून निसटून मागे गोलमध्ये गेला.

पलीकडे लाल टोप्या नाचू लागल्या. सुवर्णाच्या जिभेवर तो शब्द आपसूक आला. तीन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो हाच. पण शब्द ओठांपर्यंत यायच्या आधी मागच्या रांगेतून दुसराच आवाज आला. चार-पाच तरुण बसले होते, हातात सरबताचे ग्लास.

"अरे, आने घेर मोकलो! रोटली वणवा बेसाडो!"

हिला घरी धाडा, पोळ्या लाटायला बसवा, म्हणून हशा झाला. दुसऱ्यानं शिट्टी मारली. तिसरा म्हणाला, कुठल्या खेडेगावातून उचलून आणलीये कोण जाणे.

सुवर्णानं शेजारी पाहिलं. दगाभाऊ खाली मान घालून बसले होते. गळ्यातला रुमाल त्यांनी दोन्ही हातांत पिळला होता, ओला कपडा पिळावा तसा. पाठीमागून येणारा एकेक शब्द त्यांच्या खांद्यावर पडताना दिसत होता. आणि सुवर्णाच्या एकदम लक्षात आलं की हा माणूस सचिनच्या मैदानावर लांब झाडाखाली का उभा राहतो.

ती उठली. मागे वळली. वर्गात आवाज न चढवता मुलांना गप्प करायची तिची एक नजर होती, ती आधी टाकली. मग सुरती गुजरातीत म्हणाली, "भाई, तमे आजे आव्या छो. हुं त्रण वरसथी एने गाळो आपुं छुं. एने बोलवानो हक मारो छे, तमारो नथी."

तिला बोलायचा हक्क माझा, तुमचा नाही, हे ऐकून तरुण गोंधळले. बाई आपल्या बाजूनं बोलतायत की विरुद्ध, त्यांना कळेना.

"तीन वर्षं उन्हात उभं राहून मी तिला नावं ठेवलीयत," सुवर्णाचा आवाज आता चढला, आणि चढला तसा मराठीत शिरला. "तिनं माझ्या पोरीची पेनल्टी अडवली, तेव्हा मी उपाशी झोपले. तुम्ही काय केलंत तिच्यासाठी? तिकीट फुकट, सरबत फुकट, आणि वर बोलताय! हे तिचे वडील बसलेत इथं."

तरुणांनी दगाभाऊंकडे पाहिलं. एकानं ग्लास खाली ठेवला. "सॉरी, काका," तो पुटपुटला. दगाभाऊंनी मान हलवली, जणू चूक त्यांचीच होती. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती.

सुवर्णा बसली, पण तिला बसवेना. हाफटाइम झाला तशी ती उठली. "चल गं," ती विशाखाला म्हणाली.

"कुठं बाई?"

"कुठं म्हणजे? गोलमागे."

इथं गोलच्या अगदी मागे जाता येत नव्हतं, पण त्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. दोघी पहिल्या रांगेत जाऊन जाळीपाशी उभ्या राहिल्या. संघ मैदानात आले. अमृता आपल्या गोलपाशी आली, खांदे पडलेले, हातमोजे पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. सुवर्णानं छाती भरून श्वास घेतला.

"ए चाळणी! झोपलीस का?"

अमृता गर्रकन वळली. मोठ्या मैदानावर, हजार लोकांत, तिला पहिल्यांदा ओळखीचा आवाज आला होता. निळ्या ओढणीतली सुवर्णा तिला आधी ओळखूच येईना. मग शेजारी विशाखा दिसली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते सुवर्णानं कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं? आजवर ती पाठमोरीच बघत आली होती तिला.

"डावीकडं मोकळं सोडतेयस!" विशाखा ओरडली. "ती सात नंबरची डाव्या पायानं मारते!"

"ऐकू आलं का? विशाखा काय म्हणते ते ऐक! हात काय नुसते जेवायला दिलेत?"

पुढचा सगळा वेळ सुवर्णानं तोंड मिटलं नाही. थाळी नव्हती, म्हणून खुर्चीची पाठ बडवली. सात नंबरच्या मुलीनं खरंच डाव्या पायानं मारला, आणि अमृतानं आडवं झेपावून बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर ढकलला. मग एका कॉर्नरला चौघींच्या डोक्यांवरून उडी मारून तिनं बॉल छातीशी धरला. सुवर्णाच्या तोंडून 'शाब्बास' निघालं. ते ऐकून विशाखानं तिच्याकडे पाहिलं. "चुकून आलं," सुवर्णा म्हणाली. शेवटी शेवटी भारतानं एक गोल केला आणि सामना बरोबरीत सुटला. जयश्री पलीकडून पळत आली आणि बहिणीच्या गळ्यात पडली.

बाहेर, संघाच्या बसजवळ, अमृताला पाच मिनिटं भेटू दिलं. ती आधी वडिलांच्या पाया पडली. मग विशाखाला मिठी मारली, आणि दोघी कितीतरी वेळ कानात काय काय बोलल्या. शेवटी ती सुवर्णासमोर आली.  

"काकू, पहिल्या हाफला मागं कुणीच बोलत नव्हतं," अमृता म्हणाली. "इतकं शांत मैदान मी कधी पाहिलं नाही. मला वाटलं, मी एकटीच आहे तिथं."

"गोल खाल्लास तो शांततेमुळे होय?" सुवर्णा म्हणाली. आणि तिनं डबा पुढे केला. "पुरी खा. जयश्रीनं केल्यात, चांगल्या आहेत."

परतीच्या गाडीत जयश्री आणि विशाखा एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून झोपल्या. सुवर्णा दगाभाऊंना म्हणाली, "भाऊ, तुमच्यासमोर इतकी वर्षं... मला कळायला हवं होतं."

दगाभाऊंनी कान पुढे करून ऐकलं. मग ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "नही वं ताई. आते घरमा आम्ही बी तिले चाळणीच म्हंतस."

पुढच्या लीगमध्ये उदय आणि सचिनची गाठ पांडेसऱ्याच्या मैदानावर पडली. सुवर्णा लाल ओढणी घेऊन आपल्या जागेवर हजर होती आणि तोंडाचा पट्टा जुन्याच जोरानं चालू होता. कुणी म्हणालं, बाई आता नरमल्या असतील. असं म्हणणाऱ्यांनी येऊन ऐकावं. अमृतानंही गोलपाशी येताना एकदा मागे बघून घेतलं आणि कामाला लागली.

सामना संपायला थोडा वेळ उरला असताना विशाखानं सचिनच्या दोघींना चकवून बॉल पुढे काढला आणि अमृताच्या हाताखालून जमिनीलगत आत घातला. उदय जिंकला. तीन वर्षं हरून झाल्यावर. पोरं मैदानात शिरली, विशाखाला खांद्यावर घेतलं, मिलच्या गेटवरची माणसं शिट्ट्या मारत होती. सुवर्णा नाचली. गळा बसेस्तोवर ओरडली. आणि मग तिची नजर गोलपाशी गेली. अमृता खांबाला टेकून बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. सुवर्णाचा आनंद कुठंतरी अडकला. तिला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं वाट पाहिलेला दिवस, आणि धड साजराही करता येईना. ती आत गेली, पाण्याची बाटली अमृतापाशी ठेवली, आणि परत फिरली.

मैदानाबाहेर जयश्री रिक्षाची वाट बघत उभी होती. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. एक रिक्षा भरून गेली, दुसरीही गेली. सुवर्णा समोरच्या खमणवाल्याच्या गाडीकडे बघत राहिली.

"ताई," शेवटी जयश्रीच म्हणाली, "बोल ना काहीतरी. आम्ही हरलो की तू दोन दिवस मला जगू देणार नाहीस, असं धरून आले होते मी. तू अशी गप्प राहिलीस तर मला जास्त लागतं."

सुवर्णानं तिच्याकडे पाहिलं. धाकटीचे डोळे लाल होते.

"बोलू?"

"बोल."

"तुमची ती उंच पोर, मागं खेळते ती. तिला सांग, विशाखाच्या पायाकडं बघायचं असतं, तोंडाकडं नाही. फोटो काढायला आल्यासारखी उभी होती नुसती!"

"ती आजारी होती ताई, ताप होता तिला!"

"ताप? मग मागच्या वर्षी आमच्या तिघी तापातच खेळल्या होत्या ना? काहीही कारणं देता तुम्ही सचिनवाले."

"आम्ही कारणं देतो? आम्ही?" जयश्रीचा आवाज चढला. रिक्षा येऊन थांबली, रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, पण दोघींपैकी एकीचंही तिकडे लक्ष नव्हतं.